पैदाशीचा बोकड कोणत्या जातीचा घ्यावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी माण तालुक्यात मांसासाठी शेळ्या पाळतो. सध्या पस्तीस आहेत. दर आठवड्याला फोनवर तेच ते प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. प्रश्न विचारणाऱ्यांच्याच भाषेत ठेवलेत. उत्तरं दहा ते पन्नास शेळ्यांच्या कळपाला धरून आहेत. दुधाचा धंदा किंवा हौशी प्रदर्शनाचे बोकड हा विषय इथे नाही.

१. फिरवून न सांगता एकच सांगा, सगळ्यात चांगली जात कोणती?

तुमच्याकडच्या शेळ्या कोणत्या, चारा काय आणि माल विकणार कुठे, या तीन गोष्टी कळल्याशिवाय जो जातीचं नाव सांगतो, तो बहुतेक तीच जात विकत असतो. तरीही आग्रहच असेल तर आधी तुमच्या मुलखातली जात बघा. मराठवाडा, सोलापूर आणि सातारा-सांगलीचा दुष्काळी पट्टा इथे उस्मानाबादी. नगर, नाशिक, पुण्याकडे संगमनेरी. विदर्भात बेरारी. कोकणात कोंकण कन्याळ. महाराष्ट्राच्या नोंदणीकृत शेळ्यांच्या जाती या चारच. तिथल्या ऊन-पावसात आणि तिथल्या पाल्यावर त्या पिढ्यान् पिढ्या तगल्यात. बाहेरची जात आणायचं कारण तुमच्याकडे असेल तर ५ आणि ६ वाचा.

२. तीस शेळ्यांत बोकड एकच. मग त्याच्यावर एवढा खर्च कशाला?

हिशेब मांडून बघा. पंचवीस शेळ्या, दोन वर्षांत तीन वेतं, वेताला सरासरी दीड करडू. वर्षाला छप्पन्न करडं होतात. एका शेळीचा गुण दोन-तीन करडांत उतरतो, बोकडाचा छप्पन्नच्या छप्पन्न करडांत. बोकडामुळे विक्रीच्या वेळी करडामागे एक किलो जरी वाढला तरी वर्षाला छप्पन्न किलो जिवंत वजन आलं. हे गणित उलटंही चालतं. मी एकदा चुकीचा बोकड घेतला होता, त्याची भरपाई दीड वर्षं करत होतो (५ बघा).

३. उस्मानाबादी बोकड अंगानं लहान. बाजारात मोठ्या बोकडाला भाव. मग तोटा नाही का?

करडामागे किलो मोजलेत तर तोटा दिसेल. शेळीमागे किलो मोजा. समजा एका शेळीनं एक करडू दिलं आणि ते सहा महिन्यांत वीस किलोचं झालं. दुसरीनं जुळी दिली, दोन्ही पंधरा-पंधरा किलोची झाली. दुसरीच्या खात्यावर दहा किलो जास्त आहेत, आणि दोन्ही शेळ्यांनी वर्षभर जवळपास सारखाच चारा खाल्लाय. उस्मानाबादीचं नाव झालंय ते जुळ्यांमुळे आणि वेळेवर गाभण राहण्यामुळे. नराचं सरासरी वजन पस्तीस किलोच्या आसपास असतं, चांगल्या सांभाळात त्याहून बरंच वर जातं.

एक अट मात्र आहे. शेळीच्या कासेत दोन पिल्लांपुरतं दूध हवं. तीन आठवड्यांत जुळ्यांतलं एक वाळून गेलं तर वरचा हिशेब कोसळतो. म्हणून बोकड निवडताना त्याची आई बघायची (९ बघा).

४. काळा कुळकुळीत आहे म्हणजे उस्मानाबादीच ना?

नाही. उस्मानाबादी बहुतेक काळी असते हे खरं, पण तपकिरी आणि ठिपक्यांचीही असते, आणि काळी गावठी शेळी तर कुठल्याही वाडीवर मिळेल. काळ्या रंगाला भाव आहे हे व्यापाऱ्याला तुमच्याआधी कळलेलं असतं. रंग शेवटी बघा. कोंकण कन्याळ मात्र लांबूनही ओळखता येते, काळ्या अंगावर तोंडाला आणि कानाला पांढरे पट्टे.

५. सिरोही, बीटल, जमनापारी यांतला बोकड गावठी शेळ्यांवर घातला तर?

तिन्ही आपापल्या मुलखात उत्तम. सिरोही अरवलीच्या कोरड्या रानातली, काटक, आपल्या कोरडवाहू पट्ट्यात त्यातल्या त्यात लवकर रुळते. बीटल पंजाबची, उंच, नाकाला बाक असलेली, भरपूर हिरवा चारा आणि खुराक मिळाला तरच खुलते. जमनापारी उत्तर प्रदेशातल्या इटावाकडची, चंबळ-यमुनेच्या खोऱ्यातली. लांब पायांची, झाडपाला ओरबाडत फिरणारी. दमट हवेत आणि कोंडून ठेवल्यावर ती कुढते, आणि एकेकच पिल्लू देण्याकडे तिचा कल.

माझी चूक बीटलची. बाजारात एक बोकड दिसला, माझ्या छातीला लागेल एवढा. घरी आणला तेव्हा अख्खी आळी बघायला आली. माझ्या शेळ्या पंचवीस-अठ्ठावीस किलोच्या. तो मागून चढला की शेळी खाली बसायची. पहिल्या दीड महिन्यात अकरा शेळ्या उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या. उन्हाळ्यात ओला चारा संपला तसा तो तुरीच्या भुसकटाला तोंड लावेना, बरगड्या मोजता येऊ लागल्या. जी करडं झाली ती उंच होती, पण वाढायला वेळ घेणारी. सहा महिन्यांत हाडच दिसायचं, मांस भरायला वर्ष लागायचं. मी माल सात-आठ महिन्यांवर विकतो. बीटल वाईट नव्हता, त्याची माझ्या चाऱ्याशी आणि माझ्या बाजाराशी गाठ पडायला नको होती.

तुमच्याकडे पाण्याची सोय, मका आणि मेथी घास बारमाही असेल, शेळ्या पस्तीस किलोच्या पुढच्या असतील आणि मोठा बोकड वर्ष-दीड वर्ष सांभाळून विकायचा असेल, तर सिरोही किंवा बीटलचा विचार करा.

६. आफ्रिकन बोअरचा क्रॉस केला तर करडं दुप्पट वाढतात म्हणे. खरं का?

दुप्पट वगैरे जाहिरातीत. वाढीचा वेग आणि मांड्या-पाठीवरचं मांस मात्र खरोखर वाढतं. बोअर ही दक्षिण आफ्रिकेत मांसासाठीच घडवलेली जात, पांढरं अंग, तांबडं डोकं. महाराष्ट्रात ती रुजवण्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचा मोठा वाटा आहे. पहिल्या पिढीच्या क्रॉसमध्ये दोन दूरच्या रक्तांचा जोम दिसतो आणि त्यावरच सगळे भाळतात.

आता अडचणी. पहिली, पोसण्याची. क्रॉस करडाला खुराक नसेल तर ते गावठी करडाएवढंच वाढतं, कधी कमी. दुसरी, विताना. लहान चणीच्या शेळीच्या, विशेषतः पहिलटकरणीच्या पोटात मोठ्या डोक्याचं करडू असेल तर ती अडते. माझ्या शेजाऱ्याची पाठ, म्हणजे तरुण शेळी, रात्री दोनला अडली. मी हात धुऊन, तेल लावून गेलो. एक पाय आणि नाक लागत होतं, दुसरा पाय मागे दुमडलेला. तो सरळ करून करडू काढलं. ते जगलं, पाठ पहाटे गेली. पहिल्या वेताच्या पाठीला बोअर कधीच देऊ नका. दोन-तीन वेतं झालेल्या, रुंद कंबरेच्या शेळीलाच द्या.

तिसरी अडचण नावाची. 'बोअर' म्हणून विकले जाणारे कितीतरी बोकड पाव किंवा अर्ध्या रक्ताचे असतात. नोंदवही नसेल तर पैसे अर्ध्या रक्ताचे द्या, किंवा देऊच नका.

७. बोअर-क्रॉसच्या पाठी छान निघाल्यात. त्या कळपात ठेवू का?

माझं मत, ठेवू नका. बोअर हा शेवटचा बाप समजा, त्याची सगळी पिल्लं, नर आणि मादी, मांसासाठीच जाऊ द्या. पाठी ठेवत गेलात तर तिसऱ्या पिढीत ना जुळ्यांची खात्री ना काटकपणा, सगळी खिचडी. यासाठी कळपाचे दोन भाग करा. उत्तम शेळ्यांना गावच्या जातीचा बोकड द्या, त्यांच्या पाठी ठेवा. उरलेल्या मोठ्या शेळ्यांना क्रॉसचा बोकड द्या. पंधरापेक्षा कमी शेळ्या असतील तर या भानगडीत पडू नका.

८. बकरी ईदसाठी कोणती जात धरावी?

तो बाजार वेगळाच आहे. एरवी खाटीक वजन बघतो, ईदला गिऱ्हाईक रूप बघतं. उंची, लांब कान, पांढरा रंग, चकचकीत कातडी. म्हणून मुंबईच्या देवनार बाजारात राजस्थानचे सोजत, सिरोही असे बोकड भाव खातात. पण गावोगावची मध्यम गिऱ्हाइकं तीस-पस्तीस किलोचा निरोगी बोकड शोधत असतात, आणि तिथे उस्मानाबादी, संगमनेरी दोन्ही चालतात.

जातीपेक्षा तारीख महत्त्वाची. कुर्बानीचा बोकड किमान वर्षाचा लागतो, गिऱ्हाईक तोंड उघडून पुढचे दोन पक्के दात आलेत का बघतं. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२८ची ईद मेच्या पहिल्या आठवड्यात येईल, चंद्रदर्शनानुसार एखादा दिवस इकडेतिकडे. मार्च-एप्रिल २०२७चं करडू तेव्हा तेरा-चौदा महिन्यांचं असेल, म्हणजे बोकड लावायचा ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२६ मध्ये. त्या वयाला दोन दात आले तर आले, काहींचे राहतात, म्हणून महिना-दोन महिने आधीचं वेत अधिक बरं. आंधळा, लंगडा, मुळातून शिंग मोडलेला किंवा कानाचा मोठा भाग फाटलेला बोकड चालत नाही. बिल्ला मारताना कान फाटणार नाही एवढं बघा.

९. बोकड बघायला गेल्यावर नेमकं काय बघू?

आधी आई मागा. ती किती वेळा व्याली, किती जुळी दिली, दोन वेतांत अंतर किती. बोकड स्वतः जुळ्यातला असेल तर उत्तम. कासेचे दोन्ही सड सारखे आहेत का बघा. आई दाखवायला मालक टाळाटाळ करतो तिथून मी चहा न घेता निघतो.

मग बोकड चालवा. मागचे पाय नीट बघा, कारण शेळीवर चढताना सगळा भार त्यांच्यावर येतो. गायीसारखे आत वळलेले किंवा अगदी खांबासारखे ताठ पाय नकोत. पुढच्या गुडघ्यांवर घट्टे असतील तर तो गुडघे टेकून खातो, खुरांत काहीतरी दुखणं आहे. तोंड उघडून खालचे दात वरच्या हिरडीला टेकतात का बघा. दात पुढे-मागे असतील तर चरताना अडचण येते, आणि हा दोष करडांत उतरतो.

शेवटी लोकांना लाज वाटते ती गोष्ट. मागे उकिडवे बसा आणि दोन्ही वृषण हातात धरा. दोन्ही सारख्या आकाराचे, घट्ट पण दगडासारखे नाहीत, पिशवीत मोकळे हलणारे हवेत. गाठ, गरमपणा किंवा एकच वृषण उतरलेला असेल तर बोकड कितीही देखणा असो, तो खाटकाचा. जमलं तर माजावरची एक शेळी समोर आणायला सांगा. चांगला बोकड तुमच्याकडे बघतही नाही.

१०. काटा नाही. वजनाचा अंदाज कसा घ्यायचा?

शिवणकामाची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर घ्या, खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी घ्या, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. घेर ३० आणि लांबी २८ असेल तर साधारण ३८ किलो. पोट भरल्यावर पाणी पाजून आणलेला बोकड टेपलाही फसवतो, तेव्हा सकाळी उपाशीपोटी मोजा. करडांसाठी मात्र स्प्रिंगचा काटा घ्याच. पोत्यात करडू घालून आढ्याला टांगायचं, एका मिनिटाचं काम. जन्माचं, तीन महिन्यांचं आणि सहा महिन्यांचं वजन वहीत असेल तरच बोकडाचं खरं मोल कळतं.

११. किती वयाचा घ्यावा आणि किती शेळ्यांना पुरतो?

वर्ष ते दीड वर्षाचा. वर्षाच्या आत अंगात माज असतो, पण हाड कच्चं असतं. पहिल्या हंगामात आठ-दहा शेळ्यांवर थांबा. दीड-दोन वर्षांचा झाला की वीस ते पंचवीस.

१२. बाजारातून घेऊ की फार्मवरून?

पैदाशीसाठी बाजार नको. लोणंदसारख्या बाजारात दहा गावच्या शेळ्या एका जागी येतात, त्यांच्याबरोबर दहा गावचे रोगही येतात, आणि तिथे ना आई दिसते ना वही. आधी वजनाच्या नोंदी ठेवणारा शेतकरी शोधा. नाहीतर पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची प्रक्षेत्रं आहेत, दहिवडी, रांजणी, महूद, अंबाजोगाई वगैरे ठिकाणी. संगमनेरीसाठी राहुरीचं आणि कोंकण कन्याळसाठी दापोलीचं कृषी विद्यापीठ. तिथे नंबर लावावा लागतो, म्हणून गरज पडायच्या सहा महिने आधी विचारा.

१३. आणल्या दिवशीच कळपात सोडला तर चालेल?

नाही. तीन ते चार आठवडे वेगळा, वेगळ्या भांड्यांत, आपल्या शेळ्यांपासून दूर. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) त्याच दिवसांत डोकं वर काढतो. जंतनाशक द्या, पीपीआर आणि आंत्रविषाराच्या लसींची खात्री करा, आणि ब्रुसेलोसिससाठी रक्त तपासून घ्या. हा रोग शेळ्या गाभडवतो आणि माणसालाही होतो. व्याल्यावर वार काढताना उघडा हात घालणाऱ्याला तर पहिला.

१४. बोकड चांगला निघाला. किती वर्षं वापरू?

तब्येतीनं तो सहा-सात वर्षांचा होईपर्यंत काम देईल, पण तुमच्या कळपात साधारण दीड-दोन वर्षं. कारण त्याच्या मुली. पाच महिने गाभणकाळ आणि पाठ सहा-सात महिन्यांत माजावर, म्हणजे पहिल्या लागणीनंतर (शेळ्यांना बोकड लावल्यानंतर) वर्षभरात बाप-लेक समोरासमोर येतात. त्यांचा संबंध आला की अशक्त करडं, कमी वजन, वाढती मरतूक. त्या पाठी वेगळ्या ठेवता येत असतील तर बोकड आणखी एक हंगाम ठेवा. नाहीतर दूरच्या कळपाशी अदलाबदल करा, पण १३ मधली पथ्यं पाळून.

१५. माझ्याकडे आठच शेळ्या. बोकड पाळणं परवडतं का?

बहुधा नाही. शेजारच्या चांगल्या बोकडाकडे न्या, त्याची ब्रुसेलाची तपासणी झालेली असेल तरच. दुसरा मार्ग कृत्रिम रेतन. गोठवलेलं वीर्य मिळतं, पण शेळीचा माज एक-दीड दिवसच टिकतो, आणि बोकड नसलेल्या गोठ्यात तो लक्षात येणं अवघड. शेपटी हलवणं, सारखं ओरडणं, चिकट स्राव यांवर सकाळ-संध्याकाळ नजर ठेवणारं माणूस घरात हवं.

१६. बोकडाला खुराक किती द्यावा?

एरवी पाव किलो, लागणीच्या महिन्यात अर्धा किलोपर्यंत. लठ्ठ बोकड आळशी होतो. गव्हाचा कोंडा आणि धान्यच रेटून दिलंत तर नराला मुतखडा होतो. लघवीला कुंथतो, थेंब थेंब पडते, पोटाकडे बघून ओरडतो. तेव्हा घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर बोलवा. पाणी स्वच्छ आणि भरपूर, पाला सुबाभूळ-शेवरीचा, क्षार मिश्रण रोज.

१७. शेळ्या सारख्या उलटतायत. बोकड बदलू का?

थांबा, आधी बोकडाच्या छातीला गेरू आणि तेल कालवून लावा. ज्या शेळ्यांच्या पाठीवर लाल डाग पडले त्या तारखेसह लिहा. अठरा ते एकवीस दिवसांनी डागाचा रंग बदला, या वेळी काजळी वापरा. पुन्हा डाग पडला ती उलटली. दोन-तीनच उलटत असतील तर दोष त्या शेळ्यांत. निम्म्याहून जास्त उलटत असतील तर बोकडात.

पण बोकडाचा दोष तात्पुरता असू शकतो. गेल्या दोन महिन्यांत त्याला कडक ताप आला होता का? मेमध्ये तो पत्र्याखाली बांधलेला होता का? उष्णतेनं वीर्य बिघडतं आणि नवं तयार व्हायला सात-आठ आठवडे लागतात. चढतो जोरात, पण गाभ राहत नाही. माणसं अशा वेळी चांगला बोकड खाटकाला देतात. सावलीत दोन महिने सांभाळा, मग ठरवा.

१८. बिनशिंगी बोकड शांत असतो. तो घेऊ का?

तुमच्या शेळ्या भुंड्या असतील तर नको. भुंडा बोकड आणि भुंडी शेळी यांच्या काही पाठी ना धड नर ना धड मादी अशा निपजतात आणि कधीच गाभण राहत नाहीत. उस्मानाबादी शेळ्यांत निम्म्याच्या आसपास भुंड्या असतात, म्हणून तिथे बोकड शिंगांचाच ठेवा. मांसासाठी अशी करडं विकली जातात, पण पाठी ठेवणाऱ्याचं नुकसान होतं.

१९. माझ्याच कळपातलं तगडं करडू बोकड म्हणून ठेवलं तर?

ते एकुलतं असल्यामुळे तगडं आहे का, हे आधी बघा. एकट्यानं दोन सडांचं दूध पिऊन कोणीही तगडं होतं. जुळ्यातलं असूनही तीन महिन्यांत बाकीच्यांच्या पुढे असेल तर ते करडू सोन्याचं. पण ते तुमच्या कळपात आई-बहिणींवर वापरता येणार नाही. दूरच्या कोणाला देऊन बदल्यात त्याचं तसंच घ्या. आमच्या भागात आम्ही चौघं असं फिरवतो. दर दोन वर्षांनी बोकड पुढच्या गोठ्यात जातो आणि त्याच्यामागे त्याची वही जाते.

२०. दोन जातींचे दोन बोकड एकाच वेळी सोडले तर?

भांडतील, आणि कोणतं करडू कोणाचं हे तुम्हालाही सांगता येणार नाही. ७ मध्ये सांगितल्यासारखे दोन गट करायचे असतील तर जाळी मजबूत हवी. माझ्या पहिल्या जाळीतून बोकड रात्रीत आरपार गेला. सकाळी दोन्ही गटांच्या पाठीवर गेरू होता.